बारावं घर

व्हाइटफील्डपलीकडच्या त्या गल्लीत बारा घरं होती आणि मोठ्या इंटरनेट कंपन्या तिकडे फिरकत नव्हत्या. शेवटी दोन छोटे केबलवाले आले, महांतेश आणि शिवकुमार. दोघांची अट एकच, दहा घरं मिळाली तरच केबल ओढू. सहा घरं महांतेशकडे गेली, पाच शिवकुमारकडे. बाराव्या घरातल्या दत्तोबांनी दोघांनाही हात जोडले. "घरून काम होत नाही म्हणून मुलगा नातीला घेऊन चाललाय. कुणीतरी माघार घ्या रे." "त्याला सांगा की, अण्णा," महांतेश म्हणाला. "मी आधी आलोय," शिवकुमार म्हणाला. रविवारी दारात टेम्पो लागला. लोखंडी कपाट एकट्या मुलाला उचलेना. दत्तोबा पुढे झाले, तेवढ्यात गल्लीत गिऱ्हाइकं फोडत फिरणारे दोघे धावत आले. "सरका, अण्णा." दोघांनी कपाट उचललं. "स्वल्प सावकाश," महांतेश शिवकुमारला म्हणाला, "वजन माझ्याकडे येऊ दे."