मास्तरचं रक्त

सुई हातमोज्यातून आत गेली तेव्हा सिस्टरला दुखलंसुद्धा नाही. मास्तरने आपल्या वापरलेल्या सुया लाल डब्यात टाकल्या होत्या. डबा काठोकाठ भरलेला. झाकण दाबताना एक सुई वर आली. मोजा काढला, तर बोटावर रक्ताचा थेंब.

मास्तरनेही तो पाहिला. नव्या सुया टेबलावर तशाच टाकून तो दारातून पळाला.

गोदामामागच्या या दोन खोल्यांच्या केंद्रात सिस्टर अकरा वर्षं काम करत होती. मास्तरसारख्या नशा करणाऱ्यांनी जुन्या सुया आणून द्यायच्या, तिने कोऱ्या द्यायच्या. म्हणजे एकाची सुई दुसऱ्याला लागत नाही आणि एचआयव्ही पसरत नाही. अकरा वर्षांत तिला सुई टोचली ती आज पहिल्यांदा.

केंद्राच्या डॉक्टरीणबाईंनी तिला हात साबणाने धुवायला लावले आणि गोळ्यांचा पहिला डोस तिथेच समोर उभं राहून घ्यायला लावला. गोळ्या अठ्ठावीस दिवस चालणार होत्या. मग नियमाप्रमाणे तिचं रक्त काढलं. जागच्या जागी निकाल देणारी किट नेमकी संपली होती, म्हणून नमुना मोठ्या दवाखान्यात गेला.

"तो सापडला आणि त्याचं रक्त साफ निघालं, तर गोळ्या बंद," बाई म्हणाल्या. "नाही सापडला, तर महिनाभर गोळ्या आणि तीन महिने घोर."

मास्तर कितीतरी दिवस तपासणी टाळत होता. रक्त बघून तो का पळाला असेल, हे कुणी बोलून दाखवलं नाही. बोलायची गरजच नव्हती.

संध्याकाळी जेवताना तिने नवऱ्याला सांगितलं. तो पाणीपुरवठा खात्यात हेडक्लार्क होता. दिवस संपला तरी शर्टाची इस्त्री मोडायची नाही, असा माणूस. ही नोकरी सोड म्हणून तो लग्नापासून तिच्या मागे लागला होता. आज चिडेल असं तिला वाटलं, पण तो चिडला नाही. फक्त एक विचारलं.

"तुझं रक्त कशाला घेतलं?"

"नियम असतो."

त्याचा घास हातातच राहिला. मग तो उठला आणि तिचं अंथरूण त्याने बाहेरच्या खोलीत नेऊन घातलं. मुलीचा विचार करायला हवा, एवढंच म्हणाला. सिस्टरला वाईट वाटलं, राग मात्र आला नाही. भीती कुणाला वाटत नाही?

दुसऱ्या दिवशी ती मास्तरला शोधायला बाहेर पडली. पुलाखाली नाही, बसडेपोच्या मागे नाही, बंद कारखान्याच्या भिंतीशीही नाही. ज्यांना ती रोज सुया द्यायची, ते तिची नजर चुकवत होते. कुणी म्हणालं, गाव सोडून गेला. कुणी म्हणालं, मेला असेल.

तिसऱ्या दिवशी सकाळी तो सिमेंटच्या एका मोठ्या पाइपात सापडला. अंगावर पोतं, नाक गळतंय, हातपाय थडथड उडतायत.

"मास्तर, पळालात का?"

"तुमच्या बोटाला रक्त आलं. माझ्यामुळे." तो पाइपाच्या भिंतीकडे बघत बोलत होता. "कुठल्या तोंडाने परत येणार होतो?"

सुया केंद्रातच राहिल्यामुळे त्याने दोन दिवस नशा केली नव्हती. शेजारच्या पाइपातला माणूस स्वतःची सुई देत होता. ती त्याने घेतली नव्हती.

सिस्टरला खरं वाटेना. त्या अवस्थेतली माणसं तिने अकरा वर्षं पाहिली होती.

"शाळेत विज्ञान शिकवायचो मी," दात वाजत असताना तो म्हणाला. "नशेने मेंदूतला मागणारा भाग बोंबलायला लागतो आणि नको म्हणणारा मुका होतो. पण अगदी मुका नाही होत, सिस्टर. तुमच्याकडे यायला लागल्यापासून, पाच वर्षांत, दुसऱ्याची सुई लावली नाही मी."

"मग तपासणी का टाळत होतात?"

"त्याच्या आधी लावल्या होत्या ना."

तिने त्याला हाताला धरून बाहेर काढलं. रिक्षात तो तिच्यापासून होईल तितका लांब, दाराला चिकटून बसला.

वाटेत नवऱ्याचा फोन आला. सकाळपासूनचा तिसरा.

"तुझा रिपोर्ट आला का?"

"माझ्या रिपोर्टचं काय घेऊन बसलात? मास्तर सापडलाय. आता त्याचं रक्त बघायचंय."

त्याने फोन ठेवला.

केंद्रात नवी किट आली होती. मास्तरच्या दंडात शीर सापडेना, शेवटी मनगटाजवळून रक्त मिळालं. थरथर थांबावी म्हणून त्याला औषध दिलं आणि बाहेरच्या बाकावर झोपवलं. निकाल काहीही लागला तरी सिस्टरला आधी सांगा, असं त्याने बाईंना बजावलं होतं.

अर्धा तास सिस्टर कोऱ्या सुयांची पाकिटं रचत राहिली. रचलेली पुन्हा मोडून रचली. मग बाईंनी तिला आत बोलावलं आणि दार लावून घेतलं.

"मास्तरचं रक्त साफ आहे," त्या म्हणाल्या.

सिस्टर खुर्चीत बसली. हसू आणि रडू एकदमच आलं. घरी कळवावं म्हणून तिने फोन उचलला, तेव्हा बाईंनी तिच्या हातावर हात ठेवला.

"दवाखान्यातून तुमचाही रिपोर्ट आलाय. मी दोनदा तपासून घेतला. सुई टोचल्यावर अर्ध्या तासात काढलेलं रक्त आहे ते. टोचल्याने झालेली लागण रक्तात दिसायला काही आठवडे लागतात, हे तुम्हीच इथे सगळ्यांना शिकवता." बाईंनी हात काढला नाही. "सिस्टर, तुम्हाला एचआयव्ही आहे. आणि तो तुम्हाला इथे लागलेला नाही."