एका दिवसाची साखळी

बदलापूरच्या त्या गल्लीतला खासगी रस्ता अखेर नगरपरिषद ताब्यात घेणार होती. नऊ मीटर रुंदी भरली, गटारही झालं, आणि जमीन ज्यांच्या नावावर होती ते शंकरराव ओव्हाळ एक पैसा न मागता हक्क सोडायला तयार झाले. इंजिनीअर हिमानीला खटकत होतं ते एवढंच, की दर वर्षी अठ्ठावीस जुलैला म्हातारा गल्लीच्या तोंडाशी साखळी लावून, खुर्ची टाकून बसायचा.

"वकिलाने शिकवलं असणार, मॅडम," समोरचे लेले म्हणाले. "वर्षातून एक दिवस रस्ता अडवला, की लोकांना वहिवाट सांगता येत नाही. पण चार वाजता, गल्लीत चिटपाखरू नसताना, साखळी खाली सोडतो आणि लगेच परत लावतो. त्याला काय म्हणायचं?"

हिमानीने हमीपत्र शंकररावांपुढे ठेवलं. "काका, रस्ता एकदा सार्वजनिक झाला, की एक दिवसही अडवता येणार नाही. कायम सगळ्यांना खुला, हीच अट आहे."

शंकररावांचं पेन सहीच्या जागी थांबलं. "म्हणजे त्या दिवशी पाण्याचा टँकरपण येणार?"

"येणारच ना."

"तेवढं नका करू, बाई. सतरा वर्षांपूर्वी त्या दिवशी आला होता. माझी लेक यशोधरा चार वाजता शाळेतून सायकलवर येते.

"त्या वर्षी ती दारापर्यंत पोचली नाही. साखळी लावायला लागलो, तेव्हापासून दर वर्षी पोचते."