विहिरीचा कठडा
दुष्काळात गावात पाणी उरलं होतं ते एकट्या अमृतरावांच्या विहिरीला. तिचाच कठडा ढासळून सरजाबाईचा पाय मोडला होता. तिने भरपाईचा दावा लावला. नवा जिल्हा झाला, कागद उस्मानाबादहून लातूरला आले, तारखा मात्र संपेनात. आज कोर्टाच्या ओट्यावर अमृतराव तिच्या काठीशेजारी येऊन बसले. “कठडा बांधायचा हाय, पण वकील म्हणतो, बांधला की चूक कबूल केल्यावानी होतंय.” त्याच कडेवरून तिची सून रोज पाणी शेंदत होती. सरजाबाईने आत जाऊन दावा काढून घेतला. “आता बांधा, मालक.” अमृतराव चपला घालत म्हणाले, “बांधू की. घाई काय हाय आता?” संध्याकाळी सरजाबाई विहिरीवर गेली. ढासळलेल्या दगडांच्या फटीत तिने आपली काठी रोवली, तिला लाल चिंधी बांधली आणि सुनेच्या खांद्यावर हात ठेवून लंगडत घरी निघाली.