बुडबुडे थांबले तर

बाटलीत बुडबुडे चालू होते. लिंबानीने ते दारातूनच पाहिलं आणि त्याचा जीव भांड्यात पडला. आज तिसरा दिवस. सातव्या महिन्यातच जन्मलेल्या, जेमतेम किलोभराच्या त्या मुलीने एवढा दिवस काढला की तरेल, असं डॉक्टर म्हणाले होते.

बाळाला श्वास घ्यायला मदत करणारं हे यंत्र त्यानेच मलावीतल्या ब्लांटायरच्या आपल्या वर्कशॉपात जोडलं होतं. माशांच्या टाकीला लावतात तसला पंप, एक नळी बाळाच्या नाकात, दुसरी पाण्याच्या बाटलीत. परदेशातून आलेली महागडी यंत्रं जिल्ह्याच्या या इस्पितळात मागच्या खोलीत धूळ खात पडली होती. हे मात्र चालत होतं. धोक्याचा भोंगा त्याने मुद्दामच लावला नव्हता. अडतीस बाळांमागे एक सिस्टर, ती ऐकणार कुणाकुणाचा भोंगा? त्यापेक्षा आई उशाशी बसलेलीच असते. म्हणून त्याने यंत्रावर एक चित्र चिकटवलं. डावीकडे बुडबुड्यांची बाटली आणि हसरं बाळ. उजवीकडे नुसतं पाणी आणि आ वासून ओरडणारी बाई. अक्षरओळख नसलेलीलाही कळावं असं. या चित्राचा त्याला यंत्रापेक्षा जास्त अभिमान होता, आणि तो लपवायची अक्कल त्याला नव्हती.

"आले बुडबुडेवाले!" सिस्टर चिरवा खिडकीजवळच्या पाळण्यापासून म्हणाल्या. "तुमची राखणदारीण बघा. दुपार झाली, न्सिमाचा एक घास नाही पोटात."

एनेलेस, त्या मुलीची आई, एकोणीस वर्षांची, बाकावर बसली होती. डोळ्यांत तेल घालून बाटलीकडे बघत होती.

"ताई, दोन घास खाऊन या. मी थांबतो इथे."

"नको दादा. तुम्हीच म्हणालात ना, नजर हलवू नका? मी नाही हलवली. एकदाही थांबले नाहीत बघा."

लिंबानी हसला. बाळ नाकापर्यंत कापडात गुंडाळलेलं होतं. लोकरीची टोपी डोळ्यांवर आली होती, ती सारखी करायला तो वाकला. बोट गालाला लागलं. गाल गार होता.

त्याने कापड बाजूला केलं. छाती हलत नव्हती. बाटली मात्र खळखळत होती. पंप हवा फेकत होता. बाळाने ती घेतली काय, न घेतली काय, पंपाला त्याचं सोयरसुतक नव्हतं. एवढी साधी गोष्ट, आणि शिकल्यासवरल्या माणसाला ती आत्ता कळत होती.

त्याने सिस्टरना खूण केली. त्यांनी स्टेथोस्कोप लावून ऐकलं, चिमुकला हात उचलून पाहिला. हात ताठरला होता.

"केव्हाच गेली," त्या ओठांतल्या ओठांत म्हणाल्या. "हाक आली नाही, म्हणून मी सकाळपासून इकडे फिरकलेच नाही." मग कापड पुन्हा सारखं करत, "आईला मी सांगते. तुम्हाला नाही जमायचं. तुम्ही आधी यंत्र सोडवा. दारात दुसरं बाळ आलंय, निळं पडलंय."

आणि त्या दाराकडे धावल्या.

लिंबानीला एनेलेसकडे बघवेना. ती तर त्याच्याकडे बघतच नव्हती. त्याने बटण दाबलं. दोन बुडबुडे वर आले, फुटले. पाणी स्थिर झालं.

एनेलेस ताडकन उठली. चित्रातल्या बाईसारखाच तिने आ वासला.

"सिस्टर, धावा! बुडबुडे थांबले!"