जेवाले या

“काकूंच्या हातची भाकर खाऊन मी लहानाचा मोठा झालो,” कुलदीप माइकवर म्हणाला आणि त्यानं रुमालानं डोळे टिपले. सभागृहात कुणीतरी नाक ओढलं. पहिल्या रांगेत बसलेल्या इंदूबाईंनी मान वर करून त्याच्याकडे पाहिलं.

त्यांचे यजमान कॅप्टन शेषराव यांना जाऊन महिना झाला होता. अठ्ठावीस वर्षं फौजेत काढून ते अकोल्याला परतले आणि पुढची बावीस वर्षं घराच्या ओसरीवर पोरांना गणित आणि इंग्रजी शिकवत राहिले. पहाटे पाचला मैदानावर पळायला न्यायचं, सातला ओसरीवर बसवायचं. फी म्हणून कधी काही घेतलं नाही. त्यांतले कुणी फौजेत गेले, कुणी पोलिसांत, कुणी मास्तर झाले. कुलदीप नायब तहसीलदार झाला. आजची शोकसभा त्यानंच पुढाकार घेऊन भरवली होती.

इंदूबाईंना भाकर काही आठवेना. आठवत होती ती पाण्याची बाटली. कुलदीप ती रोज घरून भरून आणायचा. मे महिन्यात एकदा पळून आल्यावर त्याला भोवळ आली आणि बाटली निघाली रिकामी. इंदूबाई धावत पेला घेऊन आल्या. पोरानं मान फिरवली. ओठांना पापुद्रे आले होते, तरी फिरवली. शेषरावांनी ते पाहिलं. तसेच अनवाणी तापलेल्या रस्त्यानं निघाले, चार घरं पलीकडे कुलदीपच्या जातीची एक बाई राहायची तिला बोलावून आणलं. बाई स्वतःचा तांब्या घेऊन आली आणि पायरीखाली उभी राहून तिनं त्याला पाणी पाजलं.

“इतके वर्स बंदूक धरली तुमी,” इंदूबाई त्या दिवशी नवऱ्याला म्हणाल्या होत्या, “अन् एका पोराले चार शब्द सांगता येत नाई?”

“लहान आहे तो,” शेषराव म्हणाले. “शिकला म्हंजे समजंल त्याले.”

दोन दिवस त्या त्यांच्याशी बोलल्या नव्हत्या.

“आता आपण आदरणीय काकूंचा सत्कार करू,” असं कुलदीप म्हणाला तेव्हा त्या उठल्या. शेजारी बसलेल्या अश्विननं, त्यांच्या मुलानं, हलकेच हात धरला. तो अमरावतीहून सकाळच्याच बसनं आला होता. आईच्या मनात काय आहे ते चेहऱ्यावरून त्याला ओळखू येत होतं.

“आई, जाऊ दे. आज नको.”

इंदूबाईंनी शाल घेतली, पुष्पगुच्छ घेतला आणि माइकही घेतला.

“मले भाषन येत नाई,” त्या म्हणाल्या. “कुलदीप म्हनला ते आयकलं मी. तुमी सारे घरचेच लेकरं. तं आज संध्याकाई सारेजन घरी जेवाले या. भाकरी मी सोता करतो.”

टाळ्या पडल्या. कुलदीपच्या सगळ्यांत जास्त वेळ वाजत होत्या.

दुपारभर इंदूबाई चुलीपुढून हलल्या नाहीत. आलू-वांग्याची भाजी, वरण, भात, ठेचा. शेजारच्या दोघी मदतीला आल्या, पण भाकरी त्यांनी कुणाला थापू दिली नाही. अश्विननं मंडपवाल्याकडून सतरंज्या आणल्या आणि साठ पत्रावळी आणल्या.

संध्याकाळी सात जण आले. ते आधीही यायचे, आधीही जेवायचे. तेल्हाऱ्याचा सहदेव फौजेतून सुट्टीवर आला होता, तो तर आल्या आल्या स्वयंपाकघरातच शिरला. बाकीच्यांचे फोन आले. कुणाची बस होती. कुणाच्या घरी अचानक पाहुणे आले होते. कुणी फोनही केला नाही.

पावणेआठला फाटकापाशी गाडी थांबली. इंदूबाईंनी घाईघाईनं एक ताट वाढलं आणि ओसरीवर आणून ठेवलं. कुलदीप बूट न काढता अंगणातच उभा राहिला.

“काकू, माफ करा. आज गुरुवार. माझा उपास असतो.”

“मंग फराळाले केयं खाय दोन. दूध देतो गरम करून.”

“नको काकू.” त्यानं ताटावरून नजर काढली. “निर्जळी आहे.”

कुलदीपनं ओसरीवरच्या शेषरावांच्या फोटोला तिथूनच हात जोडले. त्याचे डोळे खरोखर भरले होते.

“काही लागलं तर एक फोन करा. मी आहे.”

गाडी गेली. अश्विन फाटक लावून आला.

“निर्जळी! सभेनंतर हॉलमधी दोन समोसे खाल्ले त्यानं, माह्या बाजूले उभा राहून. तुले मालूमच होतं ना, आई? मंग बोलावलं काहून साऱ्यायले? कायले हात भाजून घेतले?”

आत सहदेव आणखी भाकर मागत होता. शेजारीण ती वाढायला गेली. इंदूबाई ओसरीवर खाली बसल्या. कुलदीपसाठी वाढलेलं ताट त्यांनी आपल्यापुढे ओढलं, भाकर मोडली, भाजीला लावली आणि सावकाश चावून पहिला घास गिळला.

“मले मालूम होतं,” त्या म्हणाल्या. “तुया बाबाले नोतं मालूम.”