ऐच्छिक, अनैच्छिक

"उगाच बोलतेस गं, ह्यांना काही कळत नाही," आई म्हणाली. पक्षाघाताचा झटका आल्यापासून अप्पांची पापणीसुद्धा हलली नव्हती.

अप्पांनी जन्मभर शाळेत जीवशास्त्र शिकवलं. चुकीचं उत्तर ऐकलं की त्यांचा पारा चढायचा. आता त्यांची लेक वृंदा तोच विषय शिकवत होती. त्यांचं मनगट धरून ती मुद्दाम म्हणाली, "अप्पा, मी वर्गात सांगितलं, हृदयाचा स्नायू ऐच्छिक असतो. हातापायांसारखा आपल्या मर्जीनं चालतो."

चेहरा तसाच राहिला. पण तिच्या बोटांखाली नाडी भराभर उडू लागली.

"आई, चिडलेत गं अप्पा!" डोळे पुसत ती हसली आणि त्यांच्या कानाशी वाकली. "चुकलं माझं. तो अनैच्छिकच. उद्या मुलांना नीट सांगते."

नाडी हळूहळू निवली. आईनं खुर्ची ओढून अप्पांचं दुसरं मनगट हातात घेतलं.