म्वावीची साल

म्वावी झाडाच्या सालीचा काढा निर्दोषाला ओकवतो आणि चेटकिणीला मारतो, हे गावात आरोपींना काढा पाजणाऱ्या कामवेंडोला बापाने शिकवलं होतं. त्या विश्वासाने त्याने आईलाही तो पाजला; ती त्याच्या पायाशी तडफडून मेली. आज धाकट्या बहिणीवर आळ आला. उखळात साल टाकताना त्याला पहिल्यांदाच प्रश्न पडला. न्याय देव करतो, की माझी मूठ? त्याने नेहमीच्या मुठीऐवजी चिमूटभरच कुटली. बाकीची गुपचूप कमरेला खोचली. बहीण काढा प्याली. “मर, चेटकिणी! किती पोरं खाल्लीस?” दगड घेतलेला जमाव ओरडला. ती कोसळली, आईसारखीच मातीत तडफडली, आणि मग भडाभडा ओकली. दगड गळाले, बायकांनी तिला मिठी मारली. तोंड पुसत ती भावाजवळ आली. “दादा, साल खोटं बोलत नाही बघ. म्हणजे आई चेटकीणच होती. मी उगाच रडले इतकी वर्षं.” कामवेंडोने कमरेची साल तोंडात कोंबली.